युद्धपट आणि त्यांमागचे खरे वीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धपट पाहून झाला की बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : हे खरंच असं घडलं होतं का? पुढचे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे आहेत. भर भारतीय युद्धपटांवर आहे. उत्तर आणखी कुठे दिलं असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ‘सत्यघटनेवर आधारित’ अशी पाटी असली म्हणजे सगळं खरं मानायचं का?

नाही. त्या पाटीखाली तीन वेगळ्या प्रकारचे चित्रपट येतात. पहिल्या प्रकारात माणूस खरा, नाव खरं आणि पलटणही खरी असते. ‘शेरशाह’ किंवा ‘सॅम बहादूर’ असे आहेत. दुसऱ्यात लढाई खरी असते, पण पात्रं बदललेली किंवा दोघा-तिघांची मिळून एक केलेली असतात. ‘बॉर्डर’ बराचसा या गटात मोडतो. तिसऱ्यात फक्त युद्ध खरं असतं आणि नायक पूर्णपणे काल्पनिक. ‘लक्ष्य’मधला करण शेरगिल आणि ‘उरी’मधला विहान शेरगिल या नावांचे अधिकारी शोधत बसू नका, ते पटकथेतच जन्मले आहेत. ‘उरी’त दाखवलेली 29 सप्टेंबर 2016 ची कारवाई (सर्जिकल स्ट्राइक) मात्र खरी आहे.

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर जो लांबलचक खुलासा येतो तो थांबवून वाचा. घरी पाहताना हे सहज जमतं. कोणती नावं बदलली, कोणते प्रसंग रचले, हे निर्माते बहुतेक वेळा तिथेच कबूल करतात.

2. परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र आणि अशोकचक्र यांत नेमका फरक काय?

शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी वरून खाली परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र. शत्रूशी प्रत्यक्ष लढाई नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र. 26/11 च्या हल्ल्यात प्राण दिलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि मुंबई पोलिसांचे तुकाराम ओंबळे यांना अशोकचक्र मिळालं ते यामुळे. त्यांचं शौर्य कमी मोजलं असा त्याचा अर्थ नाही.

परमवीरचक्राची स्थापना 26 जानेवारी 1950 रोजी झाली, पण ते 15 ऑगस्ट 1947 पासून लागू केलं गेलं. त्यामुळे 1947-48 च्या काश्मीर युद्धातल्या वीरांनाही ते मिळू शकलं. आजवर 21 जणांना मिळालं आहे, त्यांपैकी 14 जणांना मरणोत्तर. पदक कांस्याचं असतं, त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार आकृती असतात आणि फीत जांभळ्या रंगाची. आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, पण या पदकाचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांचं आहे. जन्मानं स्वित्झर्लंडच्या असलेल्या या बाई लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून इथल्या झाल्या. पहिलं परमवीरचक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्या मुलीच्या सासरच्या नात्यातले, तिचे दीर.

‘युद्ध जाहीर झालं नसेल तर परमवीरचक्र मिळतं का?’ या उपप्रश्नासाठी प्रश्न 17 पाहा.

3. नव्यानं पाहायला सुरुवात करायची आहे. कुठून करावी? मुलांसोबत काय पाहावं?

दूरदर्शनवरच्या ‘परमवीर चक्र’ या 1988 च्या मालिकेपासून सुरुवात करावी असं आम्ही आग्रहानं सांगू. चेतन आनंद यांची ही मालिका एका भागात एका वीराची गोष्ट सांगते. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला अब्दुल हमीद त्यातलाच. तंत्र जुनं वाटेल, पण माणूस, पलटण आणि ठिकाण यांची गल्लत होत नाही. मग ‘हकीकत’ (1964), त्यानंतर ‘बॉर्डर’ (1997) आणि शेवटी ‘शेरशाह’ (2021) पाहा. या क्रमानं गेल्यास 1962, 1971 आणि 1999 ही तीन युद्धं ओळीनं समजतात.

‘एलओसी कारगिल’ (2003) चार तासांहून लांब आहे आणि त्यात एकामागून एक इतके अधिकारी येतात की पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो. आधी टोलोलिंग, टायगर हिल आणि पॉइंट 4875 ही तीन ठिकाणं नकाशावर पाहून ठेवा, मग पाहा.

हवाई दलाची आवड असलेल्या मुलांसाठी गोविंद निहलानींचा ‘विजेता’ (1982) आहे. पटकथा आपल्या दिलीप चित्रे यांची. नायक काल्पनिक आहे, पण लढाऊ वैमानिक घडतो कसा हे त्याच्याइतकं शांतपणे फार कमी हिंदी चित्रपटांनी दाखवलं आहे.

4. ‘बॉर्डर’मध्ये दाखवलंय तसं एका कंपनीनं रात्रभर रणगाडे खरंच रोखले होते का?

हो, हा भाग खरा आहे. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री राजस्थानातल्या लोंगेवाला चौकीवर 23 पंजाब या पलटणीची अल्फा कंपनी होती. सुमारे 120 जवान, नेतृत्व मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांचं. समोरून रणगाड्यांची आख्खी रेजिमेंट आणि पायदळ चालून आलं. चांदपुरींना माघार घेण्याची मुभा होती. ते थांबले. त्यांना महावीरचक्र मिळालं.

पण चित्रपटात जे दाखवलंय त्यापेक्षा खरी लढाई वेगळी आणि, नीट समजून घेतली तर, जास्त थरारक आहे. पडद्यावर जवान रणगाड्यांवर चढतात, हातघाईची लढाई होते, एकामागून एक नायक पडतात. प्रत्यक्षात भारताची जीवितहानी एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकी कमी होती. याचं कारण जागेची निवड आणि गोळीबारातला संयम. चौकी उंचवट्यावर होती, भोवती काटेरी तार होती आणि चारी बाजूंना मऊ वाळू. हल्लेखोरांनी तार पाहिली आणि पुढे सुरुंग पेरलेले असणार असं धरून ते थबकले. ते सुरुंग शोधत असतानाच जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफेनं आणि खंदकांतल्या जवानांनी जवळ आलेली वाहनं टिपायला सुरुवात केली. इंधनाची पिंपं बांधलेले रणगाडे पेटले, त्यांच्या उजेडात बाकीचे उघडे पडले.

पहाटेपर्यंत विमानं का आली नाहीत, असं चित्रपट पाहताना प्रत्येकाला वाटतं. जैसलमेरच्या तळावर हंटर विमानं होती, पण त्यांना रात्री लक्ष्य शोधून मारा करण्याची सोय नव्हती. म्हणून चांदपुरींना सूर्य उगवेपर्यंत टिकणं भाग होतं आणि सगळी योजना त्या एका वेळेभोवती फिरत होती. उजाडताच हंटर आली. लहानशा कृषक विमानातून मेजर आत्मासिंग लक्ष्यं दाखवत होते. वाळूत अडकलेल्या रणगाड्यांना आडोसाच नव्हता. धूळ उडवून वैमानिकांची नजर चुकवावी म्हणून ते जागच्या जागी गोल फिरू लागले. त्या दिवसाच्या हवाई छायाचित्रांत वाळूवर त्यांच्या पट्ट्यांची वेटोळी स्पष्ट दिसतात. तो फोटो समोर ठेवून मग चित्रपट पाहा.

जॅकी श्रॉफनं साकारलेल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यामागे जैसलमेर तळाचे विंग कमांडर एम. एस. बावा आहेत.

5. सुनील शेट्टीचा भैरोसिंग ‘बॉर्डर’मध्ये मरतो. खरे भैरोसिंग जिवंत होते असं ऐकलं, ते खरं का?

खरं आहे. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड लोंगेवालात लढले, वाचले, त्यांना सेना पदक मिळालं आणि 19 डिसेंबर 2022 रोजी जोधपूरमध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे चित्रपट आल्यावर पंचवीस वर्षं ते जिवंत होते आणि देशभरातले प्रेक्षक त्यांना शहीद समजत होते.

हा निव्वळ तपशिलातला फरक आहे असं आम्हाला वाटत नाही. पटकथेला बलिदान हवं असतं आणि त्यासाठी जगलेल्या वीराला मारलं जातं. लढून परत आलेल्याचं काम कमी मोलाचं, असा समज त्यातून पसरतो. चांदपुरी स्वतःही 2018 पर्यंत होते आणि शाळा-कॉलेजांत जाऊन त्या रात्रीबद्दल बोलत होते.

6. ‘हकीकत’ ही रेझांग लाची गोष्ट आहे का?

थेट नाही. ‘हकीकत’ 1962 च्या लडाखमधल्या माघारीवर आहे, पात्रं काल्पनिक आहेत. पण तो पाहताना लोकांना रेझांग ला आठवतं, आणि ते साहजिक आहे. 18 नोव्हेंबर 1962 रोजी चुशूलजवळच्या त्या खिंडीत 13 कुमाऊँची चार्ली कंपनी मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली लढली. सुमारे 120 जवान, बहुतेक हरियाणातले अहीर. त्यांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले. ‘120 बहादूर’ हा चित्रपट थेट या लढाईवर आहे, आणि नावात अहीर जवानांचा उल्लेख हवा अशी मागणी तेव्हा का झाली ते यावरून लक्षात येईल.

वाचक विचारतात, तोफखान्याची मदत का मिळाली नाही? कारण मधे डोंगराची धार होती. मागच्या भारतीय तोफांचे गोळे त्या धारेपलीकडे खिंडीत पोचत नव्हते. 16,000 फुटांहून जास्त उंची, जुन्या .303 रायफली, गोठवणारी थंडी आणि तोफांचा आधार नाही, हे सगळं आधीच माहीत असूनही ती कंपनी तिथे होती. पुढच्या वर्षी बर्फ उतरल्यावर मृतदेह सापडले तेव्हा अनेकांच्या हातात शस्त्र तसंच होतं. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

7. ‘शेरशाह’ किती खरा? आणि हे ‘पॉइंट 4875’ म्हणजे काय?

आकडा म्हणजे नकाशावरची उंची, मीटरमध्ये. ज्या शिखराला नाव नाही ते उंचीवरून ओळखलं जातं. 4875 मीटर म्हणजे जवळपास 16,000 फूट. काही ठिकाणी हा आकडा फुटांत समजून लिहिलेला आढळतो. तो चुकीचा आहे.

चित्रपटाचा लष्करी भाग बराच विश्वासार्ह आहे. विक्रम बत्रा 13 जम्मू अँड काश्मीर रायफल्समध्ये होते, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल योगेशकुमार जोशी. 20 जून 1999 च्या पहाटे पॉइंट 5140 घेतल्यावर त्यांचं ‘ये दिल माँगे मोर’ देशभर पोचलं. 7 जुलै रोजी पॉइंट 4875 वर त्यांना वीरमरण आलं. आज ते शिखर बत्रा टॉप म्हणून ओळखलं जातं.

चित्रपटात न मावलेली गोष्ट अशी : पॉइंट 4875 हे एक टोक नसून धारांचा मोठा समूह आहे आणि तिथे एकापेक्षा जास्त पलटणी लढत होत्या. त्याच परिसरात 4 जुलैला बत्रांच्याच पलटणीचे रायफलमन संजय कुमार यांनी परमवीरचक्र मिळवलं आणि ते जगले. 17 जाटचे कॅप्टन अनुज नय्यर यांना बत्रांच्याच दिवशी, 7 जुलैला, वीरमरण आलं. त्यांना महावीरचक्र मिळालं.

8. योगेंद्रसिंग यादव यांना आधी मरणोत्तर परमवीरचक्र जाहीर झालं होतं म्हणतात. असं कसं झालं?

18 ग्रेनेडियर्समध्ये याच नावाचे दोन जवान होते. त्यातले एक युद्धात पडले, दुसरे टायगर हिलवर अंगात अनेक गोळ्या घेऊन वाचले आणि रुग्णालयात होते. नामसाधर्म्यामुळे घोटाळा झाला. कडा दोरानं चढून जाणाऱ्या घातक पथकात असलेले यादव तेव्हा अवघे 19 वर्षांचे होते.

यातून एक व्यवहारी धडा : वीरांबद्दल वाचताना फक्त नावावर जाऊ नका. नाव, हुद्दा, पलटण आणि तारीख या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. यादव, सिंग, जाधव, पाटील या आडनावांत हा घोळ नेहमी होतो (प्रश्न 15 सुद्धा पाहा).

9. अरुण खेत्रपाल पुण्याचे होते का? त्यांचा रणगाडा कुठे पाहायला मिळेल?

जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950. घर लष्करी असल्यामुळे वडिलांची जिथे बदली तिथे बालपण. पण त्यांची रेजिमेंट ‘पूना हॉर्स’, हा आपल्याकडचा खरा दुवा. 16 डिसेंबर 1971 रोजी शकरगढ भागातल्या बसंतरच्या लढाईत त्यांच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली होती. रणगाडा सोडायचा आदेश रेडिओवर आला तेव्हा त्यांनी कळवलं की तोफ अजून चालते आहे, मी सोडणार नाही. वय 21, परमवीरचक्र मरणोत्तर. त्यांच्यावर श्रीराम राघवन यांनी ‘इक्कीस’ केला.

बाहेरच्यांना त्या आदेशाचं गांभीर्य चटकन कळत नाही. पेटलेल्या रणगाड्यात दारूगोळा पायाशी असतो आणि बाहेर पडायला मिळतात ते काही क्षण. आत थांबणं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

फामागुस्ता अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. त्याच शहरातलं रणगाडा संग्रहालय वेगळं आहे आणि सर्वांना खुलं आहे. दोन्हींची गल्लत करू नका. सेंटर लष्करी हद्दीत आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

पूना हॉर्सचं आणखी एक परमवीरचक्र 1965 चं आहे : लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्यात. सियालकोट भागात जखमी होऊनही मागे जायला त्यांनी नकार दिला आणि 16 सप्टेंबरला ते पडले. त्यांच्यावर अजून मोठा चित्रपट नाही.

10. मराठी मुलखातल्या वीरांवर चित्रपट का नाहीत? कोणाकोणावर व्हायला हवेत?

कारण आम्ही सांगू शकत नाही, पण साहित्य किती तयार आहे ते सांगू शकतो.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्यापासून सुरुवात करू. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले पहिले. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्ता सुरुंग, तोडलेली झाडं, उडवलेले पूल यांनी बंद होता. राणेंचं काम बंदूक चालवण्याचं नव्हतंच, रस्ता मोकळा करण्याचं होतं. 8 एप्रिलला तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे सहकारी पडले, ते स्वतः जखमी झाले, तरी पुढचे तीन दिवस ते सुरुंग काढत राहिले. एका ठिकाणी मशीनगनच्या माऱ्याखाली पुढे सरकायचं होतं. त्यांनी रणगाड्याखाली, दोन पट्ट्यांच्या मधे सरपटायला सुरुवात केली आणि चालकाशी दोर बांधून घेतला. दोराच्या ओढीनं ‘थांब’ आणि ‘चल’ कळवत आख्खा रणगाडा सुरुंगांच्या मधून पुढे नेला. एखाद्या दिग्दर्शकाला यापेक्षा वेगळं काय हवं? राणेंचं निधन 1994 मध्ये पुण्यात झालं. कारवारला समुद्रकिनारी आयएनएस चपळ ही युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी आहे, तिथेच त्यांचा पुतळा आहे.

नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या पळसगावचे. इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 रोजी त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद केली, टॉमी गननं एकाला टिपलं. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. वय 22, पदक व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. इटलीत मोंटोने इथे त्यांचं स्मारक उभारलं आहे. माणगावला पुतळा आहे.

नामदेव जाधव हे निमज, अहमदनगर जिल्ह्यातले (आजचा अहिल्यानगर). 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी, इटली. हे कंपनीचे निरोप्ये होते. जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर आणलं, आणि मग परत जाऊन मशीनगनच्या चौक्यांवर चाल केली. हाताला जखम होऊन टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर उभं राहून मराठा पलटणीची युद्धघोषणा दिली आणि बाकीच्यांना नदीपार बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जगले.

11. ‘चंदू चॅम्पियन’चे मुरलीकांत पेटकर सैनिक होते की खेळाडू?

दोन्ही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, लष्कराच्या ईएमई (यंत्रदुरुस्ती) विभागात, आधी मुष्टियोद्धा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून शरीराचा खालचा भाग लुळा पडला. उपचारांचा भाग म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक 37.33 सेकंदांत जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं हे भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. त्यांना शौर्यपदक मिळालं होतं असं काही जण लिहितात. त्यांचे सन्मान खेळासाठीचे आहेत.

12. ‘द गाझी अटॅक’मध्ये दोन पाणबुड्यांची झुंज दाखवली आहे. ती झाली होती का?

पाणबुडी विरुद्ध पाणबुडी ही झुंज रचलेली आहे. खरं एवढं : पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी विक्रांत या विमानवाहू नौकेच्या शोधात बंगालच्या उपसागरात आली होती. नौदलानं विक्रांतला अंदमानकडे हलवलं आणि जुन्या आयएनएस राजपूतकडून विक्रांत असल्याचा भास होईल असे रेडिओ संदेश पाठवले. 3 आणि 4 डिसेंबर 1971 च्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमसमोर बुडाली, आतलं कोणीही वाचलं नाही. भारताची बाजू सांगते की राजपूतनं टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या ‘डेप्थ चार्ज’ स्फोटकांनी बुडाली. पाकिस्तानची बाजू म्हणते की स्वतःच्याच सुरुंगांमुळे किंवा आतल्या स्फोटानं. हा वाद आजही मिटलेला नाही, त्यामुळे ‘अमुकनं बुडवली’ असं ठामपणे लिहू नका.

याच युद्धात आपली आयएनएस खुकरी 9 डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. दीवला स्मारक आहे. हिंदी पडद्यानं ही कथा मोठ्या पल्ल्यानं सांगितलेली नाही.

13. गुंजन सक्सेना यांना शौर्यचक्र मिळालं होतं ना?

नाही. त्यांना ‘शौर्य वीर’ हा बिगरसरकारी पुरस्कार मिळाला होता, त्याचं इंटरनेटवर ‘शौर्यचक्र’ झालं. स्वतः सक्सेना यांनी हे स्पष्ट केलं आहे. कारगिल काळात चीता हेलिकॉप्टर उडवणाऱ्या त्या एकट्या महिला वैमानिक नव्हत्या. श्रीविद्या राजन याही होत्या. त्यांच्यावरच्या ‘गुंजन सक्सेना’ या चित्रपटात तळावर त्यांना मिळालेली जी वागणूक दाखवली आहे, तिच्याबद्दल हवाई दलानं सेन्सॉर मंडळाकडे हरकत घेतली होती. जखमींना उचलून आणण्याचं त्यांचं काम मात्र खरं आहे आणि ते पुरेसं मोठं आहे.

14. ‘सॅम बहादूर’मधले किस्से खरे की दंतकथा?

ब्रह्मदेशातला प्रसंग खरा. 22 फेब्रुवारी 1942, सिटांग नदीचा पूल. माणेकशांच्या पोटात मशीनगनच्या गोळ्या घुसल्या. मिलिटरी क्रॉस मेलेल्याला मिळत नाही म्हणून मेजर जनरल कॉवन यांनी स्वतःच्या छातीवरची फीत काढून त्यांना लावली.

एप्रिल 1971 ची मंत्रिमंडळाची बैठक, पावसाळा आणि तयारी यांचं कारण देऊन युद्धाला वेळ मागणं, हे आपल्यापर्यंत मुख्यतः माणेकशांच्या स्वतःच्या सांगण्यातून आलं आहे. मोठे कथेकरी होते ते. थांबण्याची कारणं खरी होती, पण निर्णय एकट्याच्या ठामपणावर फिरला असं सगळे इतिहासकार मानत नाहीत.

आणखी एक नेहमीची चूक : ढाक्यात 16 डिसेंबरला शरणागती घेतली ती लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी. माणेकशा तिथे नव्हते.

15. आमच्या गावातला जवान युद्धात गेला होता, चित्रपट वगैरे काही नाही. त्याची माहिती कशी शोधायची?

स्वातंत्र्यानंतरचा असेल तर पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जाताना सैन्य क्रमांक, हुद्दा, पलटण आणि वर्ष यांतलं जे हाताशी असेल ते न्या. जुनं पेन्शन बुक, पदकाच्या कडेवर कोरलेला मजकूर किंवा पोस्टानं आलेलं पत्र यांतून सैन्य क्रमांक मिळतो. मग पलटणीच्या नोंदणी कार्यालयाला पत्र : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. नातं सिद्ध करणारा कागद जोडा, नाहीतर पत्र तसंच परत येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्याग चक्रातल्या भिंतींवर नावं कोरलेली आहेत, तिथेही शोधता येतं.

पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातला असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर नावानं शोधा. इथे बहुतेक जण अडतात ते स्पेलिंगवर. इंग्रज कारकुनांनी कानाला आलं तसं लिहिलं, त्यामुळे जाधव, जाधो, यादव असे सगळे पर्याय टाकून पाहा. फक्त पहिलं नाव नोंदलेलं असणंही सर्रास आहे. अशा वेळी वडिलांचं नाव आणि गाव यांवरून खात्री करा. थडगं सापडलं नाही म्हणून घाबरू नका. दहन झालेल्यांची किंवा देह न मिळालेल्यांची नावं स्मारकभिंतीवर असतात. यशवंत घाडगे यांचं नावही इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे.

16. चित्रपटातला दावा स्वतः कसा तपासायचा?

मानपत्र वाचा. प्रत्येक शौर्यपदकासोबत सरकारनं प्रसिद्ध केलेलं मानपत्र असतं, बहुतेक वेळा एका पानाहून लहान. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव, पदक आणि वर्ष यांनुसार ती मिळतात. वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्या : तो माणूस नेमकं काय करत होता? रांगत होता, सुरुंग काढत होता, रेडिओवर लक्ष्य सांगत होता? पडद्यावरचं भाषण तिथे नसतं, पण हाताचं काम असतं.

मानपत्रालाही मर्यादा आहेत. ते लढाईनंतर लगेच लिहिलं जातं, त्यामुळे शत्रूच्या हानीचे आकडे अंदाजाचे असू शकतात. आकडे पलटणीच्या इतिहासाशी आणि जमेल तिथे पलीकडच्या बाजूच्या लेखनाशी ताडून घ्या. ‘राझी’सारख्या हेरकथेत मात्र ही वाट बंद असते, कारण मूळ व्यक्तीची ओळखच जाहीर नाही, ती कादंबरीवर आधारलेली कथा म्हणूनच पाहावी.

17. युद्ध जाहीर झालं नव्हतं, तरी परमवीरचक्र कसं मिळालं?

निकष ‘शत्रूच्या समोर’ असा आहे, युद्धाची घोषणा नव्हे. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना ते 1961 मध्ये काँगोत, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर असताना मिळालं. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना 1987 मध्ये श्रीलंकेत, शांतिसेनेत. नायब सुभेदार बाणासिंग यांना त्याच वर्षी सियाचिनवर, उभ्या बर्फाच्या भिंतीवरून चढून शत्रूची चौकी घेतल्याबद्दल; ती चौकी आज बाणा टॉप म्हणून ओळखली जाते. कारगिललाही औपचारिक घोषणा नव्हती. याउलट देशाच्या आतल्या दहशतवादविरोधी कारवाईत अशोकचक्राची मालिका लागू होते, म्हणून काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावापुढे परमवीरचक्र शोधू नका, अशोकचक्र किंवा कीर्तिचक्राच्या यादीत पाहा.